जी खाऊ घालते, तिनंच यावं

‘मॅडम, हे तर बोलत नाही न, मग याला काय होऊन राहिलं ते तुम्हाला समजते कसं?’

नागपुरात पशुवैद्य म्हणून काम करताना हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला गेला, तितका दुसरा कुठलाच नाही. उत्तर साधं आहे. थोडं मला डोळ्यांनी दिसतं, थोडं हाताला लागतं, थोडं रक्त-लघवीच्या तपासणीतून कळतं. आणि उरलेलं, बरेचदा निम्म्याहून जास्त, तुम्ही सांगता त्यावरून समजतं.

आणि इथंच घोडं पेंड खातं. कारण टेबलाजवळ कुत्र्याला धरून उभा असतो तो घरातला मुलगा, नाहीतर गृहस्थ. ‘केव्हापासून जेवला नाही?’ ‘आईला विचारावं लागेल.’ ‘पाणी पितो का?’ ‘आई सांगेल.’ ‘शी कशी झाली?’ यावर तर तो नुसता हसतो. मग फोन लागतो, स्पीकरवर आई येते आणि दोन मिनिटांत सगळं सांगते. ‘परवा रात्री पोळी टाकून दिली त्यानं. काल सकाळपासून दोनदा उलटी झाली. आणि हो, दोरीवरचा एक मोजा दिसून नाही राहिला.’ त्या एका मोज्यानं सगळ्या तपासणीची दिशा बदलते!

प्राणी हौसेनं आणतं कुणीही, पण त्याचं ताट, त्याची घाण, त्याचं रुसणं हे सगळं शेवटी घरच्या बाईकडेच येतं. जनावराची खरी माहिती तिच्याकडे असते. दवाखान्यात मात्र ती येत नाही. ‘मी काय येऊ, मला काय समजते त्यातलं?’ असं तिला वाटतं. म्हणून आज बायकांनी मला फोनवर, लग्नघरात, भाजीबाजारात हळूच विचारलेले प्रश्नच इथं घेतलेत.

पहिल्यांदा केव्हा न्यायचं?

आजारी पडल्यावर नाही, घरी आणल्यावर लगेच. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पहिली लस देता येते. पार्व्हो, डिस्टेंपर अशा रोगांवरची ही एकत्रित लस असते आणि पिल्लू साधारण सोळा आठवड्यांचं होईपर्यंत ती तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा द्यावी लागते. ‘एक इंजेक्शन झालं न, आता काय?’ असं म्हणून पुष्कळ लोक तिथंच थांबतात. पण आईच्या दुधातून आलेली ताकद पहिल्या लसीला नीट काम करू देत नाही, म्हणून पुढचे डोस लागतात. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, आणि मग डॉक्टर सांगतील तशी, साधारणपणे दरवर्षी. जंताचं औषध तर त्याच्याही आधीपासून. मांजराच्या पिल्लांनाही त्यांच्या वेगळ्या लसी असतात.

‘आमचा तर गावठी आहे, त्याला कायले पाहिजे लस?’ हे हमखास ऐकू येतं. मैत्रिणींनो, पार्व्होचा विषाणू जात विचारत नाही. गावठी कुत्रं काटक असतं हे खरं, पण दीड-दोन महिन्यांचं पिल्लू ते पिल्लूच.

उमरेडकडच्या एका वहिनींचं सांगते. शुक्रवारी रात्री पिल्लानं उलट्या सुरू केल्या. मिस्टर ड्युटीवर बाहेरगावी. सासूबाई म्हणाल्या, ‘उतरेल आपोआप, लेकरांचंही होतेच की.’ शनिवारी जुलाब, रविवारी त्यात रक्त आणि घरभर घाण वास. सोमवारी मिस्टर आले तेव्हा पिल्लू दवाखान्यात आलं. मान टाकलेली होती. सलाईन लावली, पण संध्याकाळपर्यंत ते गेलं. वहिनी एवढंच म्हणाल्या, ‘मला शनिवारीच समजलं होतं मॅडम, पण नेणार कोण?’

पार्व्होत उलट्या-जुलाबानं अंगातलं पाणी संपत जातं. वेळेवर सलाईन आणि उपचार मिळाले तर बरीच पिल्लं वाचतात. तिथं दोन दिवस म्हणजे फार मोठा काळ असतो. आणखी एक गोष्ट. हा विषाणू घरात, अंगणात महिनोन् महिने टिकतो. त्याच घरात नवीन पिल्लू आणायचं असेल तर जमीन ब्लीचिंगच्या पाण्यानं धुवायची आणि नवं पिल्लू लसी पूर्ण झालेलंच आणायचं. वहिनींनी पुढच्या वर्षी तसंच केलं. ह्या वेळी ओढणीत गुंडाळून पिल्लू घेऊन स्वतः आल्या.

कुठं न्यायचं?

आपल्या नागपुरात सेमिनरी हिल्सवर १९५८ साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मुंबईत परळचं महाविद्यालय त्याहून जुनं, १८८६ सालचं. २००० साली महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ नागपुरातच स्थापन झालं आणि ही महाविद्यालयं त्याच्याकडे आली. ह्या महाविद्यालयांना जोडून दवाखाने असतात. ते फक्त गाई-म्हशींचे नाहीत, कुत्री-मांजरंही तिथं तपासली जातात. तालुक्याच्या, मोठ्या गावाच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. तिथं कुत्र्या-मांजरांच्या लसी प्रत्येक वेळी असतीलच असं नाही, म्हणून आधी फोन करून विचारलेलं बरं.

खासगी दवाखान्यात जायचं तर एक पाहा. डॉक्टरकडे पशुवैद्यकाची पदवी आणि पशुवैद्यक परिषदेची नोंदणी हवी. कुत्री विकणारा, केस कापणारा किंवा ‘त्याला सगळं माहीत आहे’ असा कुणी ओळखीचा इंजेक्शन देत असेल, तर ठाम नाही म्हणा. लस थंड ठेवलेली होती की दुकानाच्या कपाटात पडून होती, हे तुम्हाला कळणार नाही. गरम झालेली लस टोचून काही उपयोग नसतो.

सोबत काय न्यायचं?

लसीकरणाचं पुस्तक. आधीच्या औषधांच्या चिठ्ठ्या. काही भलतंसलतं खाल्लं असेल तर त्याचं पाकीट किंवा उरलेला तुकडा. जुलाब होत असतील तर स्वच्छ डबीत थोडा नमुना. (लाजू नका, आम्हाला त्याची सवय असते!) झटका येत असेल, लंगडत असेल किंवा विचित्र खोकत असेल, तर मोबाईलवर व्हिडिओ काढा. घरी लंगडणारं कुत्रं दवाखान्यात आलं की घाबरून चारही पायांवर ताठ उभं राहतं, आणि मग मालकीणबाईच खोट्या पडतात.

मांजर कधीही मोकळं हातात आणू नका. झाकणाची टोपली किंवा पिंजरा हवा. काहीच नसेल तर पिशवीच्या जाळीतूनही चालेल, पण हवा खेळती हवी. रस्त्यावरचा एक हॉर्न वाजला की मांजर हातातून सुटतं, आणि मग सापडत नाही. कुत्र्याला पट्टा हवाच. चावायची सवय असेल तर आत शिरायच्या आधी सांगा, त्यात कमीपणा नाही. पिल्लाला बाकीच्या कुत्र्यांजवळ जमिनीवर सोडू नका, मांडीवरच ठेवा.

आणि रोजच्या जेवणाबद्दल खरं सांगा. ‘डॉग फूडच देतो’ असं गृहस्थ सांगतात आणि मागून काकू हळूच म्हणतात, ‘चहात बुडवून बिस्किट घेते रोज.’ मी रागावत नाही. पण खरं कळलं नाही तर औषध चुकतं.

नाक कोरडं म्हणजे ताप का?

नाही. झोपून उठलेल्या, उन्हात बसलेल्या निरोगी कुत्र्याचंही नाक कोरडं असतं. आपल्या हाताला कुत्रं नेहमीच गरम लागणार, कारण त्याचं साधारण तापमानच १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं. ताप आहे की नाही ते थर्मामीटरनंच कळतं.

त्यापेक्षा हे पाहा. नेहमीसारखं दारापर्यंत आलं का? ताटाकडे पाहिलं का? हिरड्या गुलाबी आहेत की पांढुरक्या? अंगाला गोचीड आहेत का? आपल्याकडे गोचीडांतून येणारे ताप पुष्कळ. जेवण सुटतं, अंगातलं रक्त कमी होतं, हिरड्या फिकट पडतात. लवकर आणलं तर औषधांनी बरे होणारे आजार आहेत हे.

घरातलं औषध देऊ का?

माणसांची तापाची गोळी मांजराला कधीच देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. त्याच्या शरीरात ती पचवायची सोयच नसते. आयबुप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, किडनी निकामी होते.

गोचीड मारायला रॉकेल लावणं, तंबाखूच्या पाण्यानं अंघोळ घालणं, गोठ्यातलं गाईचं औषध अंदाजानं चोपडणं, हे सगळं बंद. कुत्रं अंग चाटतं, ते विष पोटात जातं आणि मग आमच्याकडे थरथर कापत येतं. मांजर तर कुत्र्याहूनही नाजूक.

खाण्यातलंही सांगते. चॉकलेट, कांदा-लसूण, द्राक्षं आणि मनुका कुत्र्याला चालत नाहीत. सत्यनारायणाच्या शिऱ्यातल्या मनुकासुद्धा! प्रसाद द्यायचाच वाटला तर केळ्याचा तुकडा द्या.

एक बाळंतपण होऊ द्यावं का?

हा प्रश्न फक्त बायकाच विचारतात, आणि तोही आवाज खाली आणून. ‘तिलाही आई व्हावं वाटत असेल न?’ मागची माया मला समजते. पण शास्त्र सांगतं की नसबंदीआधी एकदा पिल्लं झाल्यानं कुत्रीच्या तब्येतीला काही फायदा होत नाही. उलट वेळेवर नसबंदी केली तर स्तनांच्या गाठींचा धोका कमी होतो, आणि गर्भाशयात पू होण्याचा प्रश्नच जवळजवळ मिटतो. नसबंदी केव्हा करायची ते तिची जात आणि वजन पाहून डॉक्टर सांगतील.

इथं एक गैरसमज काढून टाकू या. कुत्रीचा रक्तस्राव आपल्या पाळीसारखा नसतो. आपल्याला गर्भ राहिला नाही की रक्त जातं. कुत्रीमध्ये रक्त ही माजाची सुरुवात असते. आठ-दहा दिवसांनी ते फिकं, कमी होत जातं. घरातल्यांना वाटतं, संपलं एकदाचं, आणि तिला अंगणात मोकळं सोडतात. नेमके तेच दिवस गर्भ राहण्याचे! मग दोन महिन्यांनी सहा पिल्लं, आणि ‘कोणाला हवं का पिल्लू?’ म्हणत गावभर फिरणं.

माज होऊन गेल्यावर काही आठवड्यांनी कुत्री खूप पाणी पिऊ लागली, जेवण सुटलं, मागून घाण वासाचा स्राव येऊ लागला किंवा पोट फुगलं, तर ‘बायकी तक्रार’ म्हणून घरी बसू नका. गर्भाशयात पू झालेला असू शकतो. पुष्कळदा तातडीनं ऑपरेशन करावं लागतं. स्राव बाहेर दिसलाच पाहिजे असंही नाही. तोंड बंद असेल तर पू आतच साठतो, आणि तो जास्त धोक्याचा.

सून गरोदर आहे, मांजर सोडून देऊ का?

दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी हा प्रश्न घेऊन येतं, डोळ्यांत पाणी आणून. टोक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू मांजराच्या विष्ठेतून येऊ शकतो आणि गर्भाला धोका करू शकतो, हे खरं आहे. पण पूर्ण गोष्ट ऐका. मांजर बहुधा आयुष्यात पहिल्यांदा लागण झाल्यावर दोनेक आठवडेच तो जंतू बाहेर टाकतं. विष्ठेतला जंतू लागण करण्याजोगा व्हायला किमान एक दिवस, कधी पाच दिवस लागतात. म्हणून मांजराची घाण रोजच्या रोज काढायची, आणि ते काम गरोदर बाईनं न करता दुसऱ्यानं करायचं. मांजराला कच्चं मांस द्यायचं नाही. अर्धकच्चं मटण, न धुतलेला भाजीपाला आणि मातीतलं काम यांतूनही हीच लागण होते, म्हणून हात आणि भाजी नीट धुवायची. मांजर मांडीवर बसलं म्हणून काही होत नाही. मनात शंका असेल तर सुनेच्या डॉक्टरांनाच रक्ततपासणीचं विचारा. मांजराला नदीपलीकडे सोडून येणं हा काही उपाय नव्हे.

घरचंच पिल्लू चावलं, तरी इंजेक्शन?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण इथं माणसाचा जीव जातो. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. लस मात्र लुई पाश्चर यांनी १८८५ सालीच माणसाला देऊन दाखवली. म्हणजे एवढ्या वर्षांपासून उपाय आपल्या हातात आहे, फक्त वेळ गाठायची असते.

कुत्रं, मांजर, माकड, कुणीही चावलं किंवा ओरखडलं तर नळाच्या धारेखाली साबण लावून जखम पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा. तिखट, चुना, हळद, तेल काहीही लावू नका. मग लगेच सरकारी दवाखान्यात जा. आता पोटातली चौदा इंजेक्शनं नसतात. दंडावर मोजके डोस असतात, पण सांगितलेल्या सगळ्या तारखा पाळाव्या लागतात. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर जखमेतच आणखी एक औषध टोचतात. ते टाळू नका.

‘दहा दिवस कुत्र्याकडे लक्ष ठेवा’ असं सांगतात, त्याचा अर्थ दहा दिवस थांबून मग लस घ्या असा नाही. लस आजच सुरू करायची, लक्षही ठेवायचं. आणि लेकरांना एक सांगून ठेवा, ‘चावलं तर मला सांग, मी मारणार नाही.’ माराच्या भीतीनं पोरं ओरखडा लपवतात.

उन्हाळ्यात काय करू?

नागपूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करतं. म्हणून फिरवणं पहाटे किंवा रात्री. डांबराला आधी आपला हात लावून पाहा. बंद गाडीत पाच मिनिटंही ठेवू नका. चपट्या नाकाच्या जातींना, म्हणजे पग वगैरेंना जास्त जपा.

खूप धापा, लाळ, लडखडणं दिसलं तर सावलीत घ्या, अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा आणि ओल्या अंगानंच दवाखान्यात निघा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

तसंच, बोका लघवीला वारंवार बसतो पण थेंबही होत नाही. मांजर तोंड उघडून श्वास घेतं. मोठ्या कुत्र्याचं पोट फुगलं आणि ते कोरडे उमाळे काढतं. झटके थांबत नाहीत, अशा वेळी मिस्टर घरी यायची वाट पाहू नका. ऑटो करा आणि निघा.

जनावरावर एवढे पैसे?

हा प्रश्न सासूबाई विचारतात, शेजारी विचारतात, कधी आपलं मनही विचारतं. घरखर्चातून दोन पैसे बाजूला काढणाऱ्या बाईला तो जास्त बोचतो. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, ‘किती खर्च येईल? ह्यातलं आज करणं गरजेचं काय, आणि काय थांबू शकते?’ असं विचारलेलं आम्हाला वाईट वाटत नाही. उलट न विचारता अर्ध्यावर औषध सोडून देतात, त्याचं वाईट वाटतं. आणि हिशेब मांडून पाहा, लसींचा खर्च पार्व्होच्या उपचारापेक्षा फार कमी येतो.

शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड. म्हातारं, किडन्या गेलेलं कुत्रं टेबलावर असतं. सगळे गप्प असतात. मग तिनंच विचारायचं असतं, ‘मॅडम, तुमचं असतं तर तुम्ही काय केलं असतं?’ त्याला झोपेचं इंजेक्शन द्यायचं की नाही, हे मी ठरवत नाही. मी एवढंच सांगते, घरी कॅलेंडरवर रोज खूण करा. ज्या दिवशी तो जेवला, शेपूट हलवली, शांत झोपला, तो चांगला दिवस. वाईट दिवस जास्त होऊ लागले की निर्णय तुमचा तुम्हालाच समजतो. कारण त्याचा चांगला दिवस कसा असतो, हे घरात फक्त तुम्हाला ठाऊक असतं.

तेवढ्यासाठी तरी एक साधी वही करा. दुधाच्या हिशेबाच्या वहीची मागची चार पानंही पुरतील. लसीची तारीख, जंताचं औषध, माजाची तारीख, वजन, आणि काही वेगळं दिसलं तर एक ओळ. दवाखान्यात जायची वेळ आली की ती वही पर्समध्ये टाका आणि पट्टा स्वतःच्या हातात घ्या.